सापडणे आणि सांगणे

खुनाची गोष्ट भल्या माणसाला का आवडावी, हा प्रश्न वरवर वाटतो तितका पोरकट नाही. आमच्या धर्मग्रामातील अनेक घरांत सायंकाळची जपमाळ संपते, क्रुसापुढची मेणबत्ती विझवली जाते, आणि त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर बसून तेच कुटुंब कोणीतरी कोणाचा तरी गळा दाबल्याची हकीकत मोठ्या आवडीने पाहू लागते. आजीसुद्धा उठून जात नाही. उलट खुनी कोण हे बहुधा तीच सर्वांआधी ओळखते. याला ढोंग म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते पटत नाही. जपमाळेत आणि त्या मालिकेत काहीतरी समान आहे म्हणूनच माणसे एकीवरून दुसरीकडे इतक्या सहज जातात, असे आमचे मत आहे. दोन्हींचा विषय पाप हाच आहे. मात्र पापाचे पुढे काय होते, याविषयी दोन्हींचे म्हणणे एकच आहे का, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे दूरदर्शनवर 1985 साली गाजरे खाणारा 'करमचंद' आला, 1998 पासून शिवाजी साटम यांची 'सी.आय.डी.' वीस वर्षे घरोघर चालली. परंतु हा सारा प्रकार घडला, वाढला आणि ठरीव झाला तो मुख्यतः अमेरिकेत. आधी नभोवाणीवर, मग दूरचित्रवाणीवर. म्हणून आम्ही थेट तिकडेच जातो. ती जुनी ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती आज सहज उपलब्ध आहेत, आणि ज्यांना इंग्रजी समजते त्यांनी त्या अवश्य ऐकाव्या, पाहाव्या.

आरंभ आवाजापासून करू. 'सस्पेन्स' नावाची श्रुतिकामाला सी.बी.एस. या नभोवाणीवर 1942 ते 1962 अशी वीस वर्षे चालली. 25 मे 1943 रोजी तीत ल्युसिल फ्लेचर यांनी लिहिलेली 'सॉरी, राँग नंबर' ही श्रुतिका सादर झाली. अंथरुणाला खिळलेली एक चिडखोर बाई नवऱ्याला दूरध्वनी करू पाहते, तारांची गुंतागुंत होऊन तिला दोन अनोळखी पुरुषांचे बोलणे ऐकू येते, आणि ते आज रात्री एका बाईचा खून करण्याविषयी बोलत असतात. ती पुनःपुन्हा केंद्राला, पोलिसांना सांगते. कोणी तिचा अपमान करीत नाही. प्रत्येक जण आपापल्या नियमानुसार सभ्यपणे उत्तर देतो. आणि ज्या बाईचा खून व्हायचा आहे ती बाई म्हणजे आपणच, हे तिला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. अ‍ॅग्नेस मूरहेड या नटीने जवळजवळ एकटीने, केवळ आवाजावर, ते अर्ध्या तासाचे नाट्य पेलले. ते इतके गाजले की पुढील वर्षांत तिला ते पुनःपुन्हा करावे लागले. ही बाई एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाची कन्या होती. प्रवचनपीठावरून येणारा आवाज माणसाला कसा धरून ठेवतो हे तिने लहानपणीच ऐकले असावे, असा आमचा आपला तर्क.

त्या श्रुतिकेत खुनी जवळजवळ दिसतच नाहीत. तिचा खरा विषय आहे न ऐकणे. मिस्सेच्या प्रारंभी आपण विचाराने, शब्दाने, कृतीने घडलेल्या पापांबरोबर कर्तव्याच्या हयगयीचीही कबुली देतो. ते चौथे पाप बहुतेकांना पाप वाटतच नाही. दूरध्वनी केंद्रावरच्या त्या मुलींपैकी एकीलाही कोणते न्यायालय बोलावणार नाही. श्रोता मात्र अस्वस्थ होतो, कारण त्याला सगळे ऐकू येत असते आणि त्यालाही काही करता येत नसते.

यानंतर 'ड्रॅगनेट'. 3 जून 1949 रोजी ती एन.बी.सी. नभोवाणीवर सुरू झाली, 1951 च्या डिसेंबरात दूरचित्रवाणीवर आली आणि 1959 पर्यंत चालली. पुढे 1967 ते 1970 पुन्हा एकदा. जॅक वेब हा तिचा निर्माता, दिग्दर्शक आणि सार्जंट जो फ्रायडे या भूमिकेतील नटही. दमेकरी, बापाविना वाढलेला, लॉस एंजेलिसच्या एका गरीब वस्तीत आई आणि आजी यांनी वाढवलेला हा मुलगा आपल्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये वेदीसेवक होता. 1948 च्या एका चित्रपटात पोलीस खात्यातील तंत्रज्ञाची छोटी भूमिका करताना त्याची एका खऱ्या पोलीस अधिकाऱ्याशी गाठ पडली आणि पोलिसांचे खरे काम नभोवाणीवर आणण्याची कल्पना पुढे आली. त्यात आरडाओरड नाही, पाठलाग थोडे, पायपीट पुष्कळ. दार ठोठावायचे, नाव विचारायचे, वहीत लिहायचे, पुढच्या दाराकडे जायचे. फ्रायडेच्या तोंडी घातले जाणारे 'बाईसाहेब, फक्त वस्तुस्थिती सांगा' अशा अर्थाचे प्रसिद्ध वाक्य त्याने नेमके तसे कधी म्हटलेच नाही. ते रूढ झाले स्टॅन फ्रीबर्ग या विनोदकाराने 1953 साली केलेल्या विडंबनामुळे. वस्तुस्थितीचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या नशिबी न म्हटलेले वाक्य यावे, ही मौजच आहे.

प्रत्येक भागाच्या आरंभी निवेदक सांगे की कथा खरी आहे, फक्त निरपराध्यांच्या रक्षणासाठी नावे बदलली आहेत. शेवटी निर्विकार स्वरात शिक्षा वाचून दाखवली जाई: अमुक न्यायालय, अमुक कलम, इतकी वर्षे. जमाखर्च मिटला. आम्हांला या शेवटापेक्षा आरंभ अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे आम्ही परत येणार आहोत.

1953 च्या नाताळात 'ड्रॅगनेट'ने एक वेगळीच चोरी सांगितली. जुन्या मिशन चर्चमधील गोठ्यातून बाळ येशूची मूर्ती नाहीशी होते. बाजारात तिला फारशी किंमत नाही. पण त्या वस्तीतील मेक्सिकन कुटुंबे तिच्यासमोर लहानाची मोठी झालेली, म्हणून फादर हवालदिल. फ्रायडे आणि त्याचा सहकारी दिवसभर फिरतात, एका पूर्वाश्रमीच्या गुन्हेगारावर संशय घेतात, तो निर्दोष ठरतो. अखेरीस एक लहान मुलगा तांबडी खेळण्यातील गाडी ओढत चर्चमध्ये येतो, आणि गाडीत मूर्ती. त्याने बाळ येशूकडे गाडी मागितली होती आणि मिळाली तर पहिली फेरी तुला मारीन असे वचन दिले होते. गाडी मिळाली. वचन पाळले.

पोलिसांच्या वहीत जे लिहिले होते ते सर्व खरे होते: मूर्ती होती, मग नव्हती, कोणी तरी नेली. आणि तरी चोरी झालीच नव्हती. महापातक घडण्यास विषय गंभीर हवा, पूर्ण जाण हवी आणि मनःपूर्वक संमती हवी, हे आम्ही गुरुविद्यालयात पाठ केले. त्यांपैकी पहिली गोष्ट बाहेरून दिसते. उरलेल्या दोन माणसाच्या आत असतात आणि तेथे पोलिसाची बॅटरी पोहोचत नाही. जॅक वेबला हे ठाऊक होते, एवढे त्या एका भागावरून म्हणता येते.

मात्र त्याची वस्तुस्थिती निवडक होती हेही सांगितले पाहिजे. लॉस एंजेलिस पोलिसांच्या सहकार्याशिवाय ती मालिका होऊच शकली नसती. संहिता त्यांच्या नजरेखालून जात. विल्यम पार्कर हे 1950 ते 1966 त्या खात्याचे प्रमुख होते आणि मालिकेतील खाते सदैव निर्मळ दिसे. 1965 साली त्याच शहराच्या वॉट्स भागात कृष्णवर्णीयांचा उद्रेक झाला, तेव्हा त्यांच्या मनात पोलिसांविषयी किती वर्षांचा राग साठला होता हे जगाला दिसले. 'ड्रॅगनेट' ऐकून ते कोणाला कळले नसते. खोटे न बोलताही अर्धे सांगता येते. वेब 1982 साली वारला तेव्हा पोलीस खात्याने फ्रायडेचा 714 हा बिल्ला क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. काल्पनिक शिपायाला असा मान क्वचितच मिळतो.

आता पेरी मेसनकडे वळू. अर्ल स्टॅन्ले गार्डनर हे स्वतः वकील. त्यांच्या या नायकाची पहिली कादंबरी 1933 सालची. 1943 ते 1955 नभोवाणीवर आणि 1957 ते 1966 दूरचित्रवाणीवर, एकंदर 271 भाग. रेमंड बर हा धिप्पाड, जड डोळ्यांचा नट मेसन झाला. साचा सर्वांना पाठ: अशिलाविरुद्ध सर्व पुरावा, सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर यांची खात्री, मेसनची उलटतपासणी, आणि अखेर खरा खुनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात किंवा मागच्या बाकावरून उठून ओरडून कबुली देतो. प्रत्यक्ष न्यायालयात असे फारसे घडत नाही, हे कोणताही वकील सांगेल. पण आमच्या वाचकांना हा साचा अपरिचित नाही. दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात सुझानेची कथा आहे. दोन वडीलधारे न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात, लोक त्यांच्या पांढऱ्या केसांवर विश्वास ठेवतात, तिला मरणाची शिक्षा होते. तेव्हा तरुण दानिएल दोघांना वेगळे करतो आणि एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली? एक एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच. साक्षीदारांना अलग ठेवून केलेली इतकी जुनी उलटतपासणी आम्हांला दुसरी ठाऊक नाही, आणि ती कॅथलिक बायबलमध्ये आहे याचा आम्हांला थोडासा अभिमानही वाटतो.

गार्डनर यांचा निरपराध्यांविषयीचा कळवळा कागदावरचा नव्हता. 1948 पासून त्यांनी एका मासिकाच्या साहाय्याने, चुकून शिक्षा झालेल्या कैद्यांची प्रकरणे पुन्हा तपासण्याचे काम चालवले. मालिकेच्या 1966 सालच्या शेवटच्या भागात ते स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेले दिसतात.

परंतु पेरी मेसनमधील सर्वांत बोलकी कथा पडद्यावर घडलीच नाही. सरकारी वकील बर्गर यांची भूमिका विल्यम टालमन हा नट करीत असे. दर आठवड्याला हरणे हेच त्याचे काम. 1960 च्या मार्च महिन्यात तो एका ओळखीच्याच्या घरी गेला असता तेथे पोलिसांची धाड पडली आणि इतरांबरोबर त्याच्यावरही अनैतिक वर्तनाचा आरोप आला. वर्तमानपत्रांना मेजवानी मिळाली. दूरचित्रवाणी कंपनीने त्याला तडकाफडकी काढून टाकले. जूनमध्ये पुराव्याअभावी खटला फेटाळला गेला, तरी नोकरी परत मिळेना. निरपराध सुटण्याची कथा दर शनिवारी दाखवून पैसे मिळवणारी ती कंपनी, आपल्याच नटाबद्दल न्यायाधीशाने दिलेला निर्णय मानावयास तयार नव्हती! पुढे प्रेक्षकांची पत्रे आली, बर आणि गार्डनर त्याच्या पाठीशी उभे राहिले, निर्मात्या गेल पॅट्रिक जॅक्सन यांनी आग्रह धरला, आणि वर्षाअखेर तो परतला. 1968 साली फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणोन्मुख असताना त्याने धूम्रपानाविरुद्ध एक छोटी चित्रफीत केली. आपण कोर्टात नेहमी हरणारा वकील होतो आणि ही लढाई मात्र हरू इच्छीत नाही, असे तो तीत घरच्या माणसांच्या सोबतीने सांगतो. ती सर्वत्र दाखवली गेली तेव्हा तो हयात नव्हता.

टालमनची हकीकत आम्ही एवढी लांबवली याला कारण आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात आठव्या आज्ञेखाली तीन वेगवेगळी पापे सांगितली आहेत: पुरेशा आधाराविना दुसऱ्याचा दोष खरा मानणे हा उतावळा निवाडा, खरा दोष योग्य कारणाविना तिसऱ्याला सांगणे ही परनिंदा, आणि खोटा दोष लावणे हे बालंट. बालंटाची लाज आपल्याला वाटते. परनिंदेबाबत मात्र आपण सर्रास म्हणतो, 'खरे तेच सांगितले ना?' उताऱ्याला गुन्हेगारी मालिकांची सवय असतेच. तासाभरात खुनी ओळखण्याची चटक लागलेला माणूस शेजाऱ्यालाही तासाभरात ओळखतो. एका गावी (नाव नको) संघटनेच्या हिशेबात काही रक्कम कमी आढळली. एका माणसावर बोट गेले, कारण त्याने नुकतेच घराचे छप्पर बदलले होते. पुढे कळले की रक्कम दुसऱ्या पानावर चढवली गेली होती. कोणी त्याची क्षमा मागितली नाही, कारण कोणी त्याला उघड काही म्हटलेच नव्हते. तो मिस्सेला येतो. पूर्वी पुढच्या बाकावर बसे, आता दाराजवळ उभा राहतो. त्याचे नाव बदलून त्याचे रक्षण करावे हे कोणाला सुचले नाही. 'ड्रॅगनेट'चा तो आरंभ आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी.

आता आम्ही ज्या ठिकाणी येऊ इच्छीत होतो तेथे आलो: कबुली.

या मालिकांत कबुली मिळवण्याचे अनेक मार्ग आहेत. आपल्याकडील मालिकांत ती बऱ्याचदा एका थपडेने मिळते आणि प्रेक्षक सुखावतो. कायदा सुखावत नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्यापासून आहे आणि 1 जुलै 2024 रोजी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. अमेरिकेत 1966 साली मिरांडा खटल्याचा निकाल लागला आणि अटकेतील माणसाला गप्प राहण्याचा हक्क आधी सांगणे बंधनकारक झाले. दुसऱ्या अवतारातला जो फ्रायडे ती ताकीद इमानेइतबारे देतो. भीतीपोटी निघालेल्या शब्दावर कायदा विसंबत नाही, हे फार शहाणपणाचे आहे.

आणि ख्रिस्तसभा? 1551 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पश्चात्तापाचे दोन प्रकार सांगितले. देवावरील प्रेमातून उपजतो तो पूर्ण. पापाच्या किळसेतून किंवा नरकाच्या भयातून उपजतो तो अपूर्ण. अपूर्ण पश्चात्तापही देवाचीच देणगी आहे आणि तो माणसाला प्रायश्चित्त संस्काराच्या दारापर्यंत आणतो, असे परिषदेने म्हटले. म्हणजे भयाला ख्रिस्तसभेने हाकलून दिले नाही. पण ते भय देवासमोरचे. 'सापडलो' याचे दुःख हे पश्चात्तापात धरलेलेच नाही. पुष्कळदा माणसे आमच्याकडे येतात ती याच दुःखात: घरी कळले, साहेबांना कळले, बायकोने पत्र वाचले. ती मनापासून रडत असतात. त्या अश्रूंना आम्ही खोटे म्हणत नाही. परंतु ते कशासाठी आहेत हे त्यांना स्वतःला कळेपर्यंत थोडा वेळ जातो.

दूरचित्रवाणीवर हा भेद सर्वांत बारकाईने कोणी दाखवला असेल तर तो कोलंबोने. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या मित्रांनी निर्माण केलेला हा लेफ्टनंट 1968 साली पीटर फॉक या नटाच्या रूपाने आला; 1971 ते 1978 आणि पुन्हा 1989 ते 2003 असे 69 भाग झाले. चुरगळलेला रेनकोट फॉकचा स्वतःचाच होता. वयाच्या तिसऱ्या वर्षी कर्करोगामुळे उजवा डोळा गमावलेला, काचेच्या डोळ्याने जगाकडे तिरका पाहणारा हा ज्यू नट अमेरिकेचा सर्वांत लाडका पोलीस ठरला. खून कोणी केला हे प्रेक्षकाला आरंभीच दाखवले जाते. म्हणजे 'कोण?' हा प्रश्न उरत नाही. एक माणूस आपले पाप किती वेळ एकटा वाहू शकतो, हे पाहणे उरते.

कोलंबोच्या जनकांनी दोन पूर्वजांचे ऋण मानले आहे: दोस्तोयेव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मधील पोर्फिरी हा न्यायाधिकारी, आणि चेस्टरटनचे फादर ब्राउन. चेस्टरटन 1922 साली कॅथलिक झाले. फादर ब्राउन त्याआधी, 1910 पासूनच, त्यांच्या कथांत वावरत होते. हे बुटके, छत्री विसरणारे धर्मगुरू गुन्हा कसा शोधतात, याचे उत्तर 1927 सालच्या पुस्तकात आहे: खुनी कोण हे कळण्यासाठी ते मनाने स्वतः खुनी होतात, त्याच्यासारखेच वाटू लागेपर्यंत. बाहेरून माप घेणे नव्हे. ते पाप आपल्यालाही शक्य होते हे ओळखणे. कोलंबोला खुन्यांचा राग क्वचितच येतो, तो याच वारशामुळे.

1974 साली प्रसिद्ध गायक जॉनी कॅश याने 'स्वान साँग' या भागात भक्तिगीते गाणाऱ्या एका गायकाची भूमिका केली. त्याचे सगळे उत्पन्न धर्मकार्याच्या इमारतीत घालणारी, त्याच्या एका जुन्या दुष्कृत्याचा धाक दाखवून त्याला बांधून ठेवणारी पत्नी, आणि त्या दुष्कृत्याची बळी ठरलेली कोवळी गायिका, या दोघींना तो विमानात मरू देतो आणि स्वतः हवाई छत्रीने उतरतो. अखेर रानात, रात्री, एकट्या कोलंबोच्या हाती तो सापडतो. खुन्याबरोबर एकटे असण्याची भीती वाटली नाही का, असे तो विचारतो. कोलंबो उत्तरतो की नाही, आज ना उद्या तुम्ही स्वतःच सांगितले असते. आणि गायक मान्य करतो की मनावर ओझे होते, संपले ते बरे झाले. येथे सापडणे आणि सांगणे यांतील अंतर दोन-चार पावलांचेच उरते. पोलीस त्याला ती पावले चालू देतो, हे विशेष.

त्याआधी, 1973 साली, डोनाल्ड प्लेझन्सने रंगवलेला मद्यनिर्माता आपले द्राक्षमळे वाचवण्यासाठी सावत्र भावाला मारतो. पकडल्यावर कोलंबो त्याला गाडीतून नेतो आणि वाटेत दोघे एक उत्तम मद्य वाटून घेतात. काही जणांना हे गुन्हेगाराचे लाड वाटतील. आम्हांला तसे वाटत नाही. शिक्षा कोठेही माफ झालेली नाही, आणि तुरुंगात जाणारा माणूस माणूसच राहिला आहे.

परंतु या सर्वांत आम्हांला अडचणीत टाकणारा भाग 1975 सालचा 'फरगॉटन लेडी' हा. जॅनेट ली हिने एका उतारवयीन नटीची भूमिका केली आहे. पुनरागमनासाठी पैसे द्यावयास नकार देणाऱ्या नवऱ्याला ती ठार मारते. त्याच्या नकाराचे कारण त्याने तिला सांगितलेले नसते: तिला मेंदूचा असाध्य आजार आहे, दिवस थोडे आहेत आणि स्मृती विरत चालली आहे. कोलंबो सारे शोधून काढतो. मात्र तोवर तिला आपण खून केल्याचे आठवतच नाही. ती आपले जुने चित्रपट पाहत बसली आहे. तिच्यावर आयुष्यभर मूक प्रेम करणारा तिचा जुना सहनट पुढे होतो आणि म्हणतो, खून मी केला. हे टिकणार नाही, असे कोलंबो त्याला सांगतो. काही महिने तरी टिकेल, एवढेच तो उत्तरतो. आणि कोलंबो मान डोलावतो.

नीतिशास्त्राच्या वर्गात हा प्रसंग ठेवला तर उत्तर ठरलेले आहे. संत ऑगस्टीन असत्याला कोणत्याही कारणासाठी सूट देत नाहीत. त्या सहनटाचे बोलणे असत्य होते. पोलिसाने ते जाणूनबुजून स्वीकारले. मृत नवऱ्याला न्याय मिळाला नाही. हे सर्व आम्ही मान्य करतो. आणि तरी दुसऱ्याचा अपराध स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस पाहताना ख्रिस्ती प्रेक्षकाच्या मनात जे हलते ते असत्याबद्दलचे कौतुक नव्हे. ते कोठून येते हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. आम्ही त्या सहनटाला निर्दोष ठरवीत नाही, आणि त्याच्या जागी आम्ही काय केले असते हेही येथे लिहीत नाही.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे: जिला पाप आठवत नाही, तिने कबुली कसली द्यावी? कायद्याच्या मनात आरोपीला आपल्यावरचा आरोप समजला पाहिजे. प्रायश्चित्त संस्कारातही पश्चात्ताप आणि पापनिवेदन ही पश्चात्तापी माणसाची स्वतःची कृत्ये होत. दुसरा कोणी ती त्याच्या वतीने करू शकत नाही. डिटेक्टिव्हला सत्य कळले की ते बोलणे हे त्याचे काम. धर्मगुरूला कळले की न बोलणे हे त्याचे काम. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने तो नियम सर्व ख्रिस्तसभेसाठी लिहून ठेवला. हिचकॉकने 1953 साली 'आय कन्फेस' या चित्रपटात हाच पेच दाखवला: खुन्याचे पापनिवेदन ऐकलेल्या धर्मगुरूवरच खुनाचा आळ येतो आणि तो तोंड उघडत नाही. कॅथलिक नसलेल्या पुष्कळ प्रेक्षकांना त्याचे मौन पटले नाही. जेझुइटांच्या शाळेत शिकलेल्या हिचकॉकला ते पटवून देण्याची गरज वाटली नसावी. पण तेथे निदान सांगणाऱ्याला आठवत होते.

पीटर फॉकच्या अखेरच्या वर्षांत त्याला स्मृतिभ्रंश झाला. 2009 साली न्यायालयात त्याच्या डॉक्टरांनी सांगितले की आपण कोलंबो नावाची भूमिका केली होती हेही त्याला आता आठवत नाही. दारापर्यंत जाऊन, कपाळावर हात ठेवून, आठवले ते विचारण्यासाठी परत फिरणारा तो लेफ्टनंट सगळ्या जगाला आठवत होता. एका त्यालाच नव्हता. 23 जून 2011 रोजी तो वारला.

आमच्या धर्मग्रामातही अशी घरे आता वाढत आहेत. पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जातो तेव्हा सून दारातच हळू आवाजात म्हणते, 'फादर, आईंना काही आठवत नाही. मलासुद्धा ओळखत नाहीत. कन्फेशन राहू दे, नुसते कम्युनियन द्या.' तिचे म्हणणे गैर नाही. संस्कारशास्त्राचा नियमही उदार आहे: ज्याला सविस्तर निवेदन करणे शक्य नाही त्याला पश्चात्तापाची काही खूण पुरते. पण खूण कशाला म्हणावे, हे कोणत्याही पुस्तकात नेमके लिहिलेले नाही. आम्ही सर्वांना खोलीबाहेर जायला सांगतो. काय केले, कधी केले, हे काही विचारत नाही. खुर्ची जवळ ओढतो आणि पश्चात्तापाची प्रार्थना, लहानपणी कॅटेकिझमच्या वर्गात शिकवत त्या जुन्या शब्दांत, सावकाश म्हणू लागतो. बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या शब्दाला त्यांचे ओठ हलू लागतात.